दिवसभर अंगात असणाऱ्या कपड्याला 'नाइट'गाऊन का म्हणतात?

महाराष्ट्रात बायका ज्याला नुसतं 'गाऊन' म्हणतात, तो कपडा विकला जातो झोपण्यासाठी आणि वापरला जातो दिवसभर. दुकानाच्या पाटीवर 'नाइट वेअर' लिहिलेलं असतं. घरात मात्र सकाळचा चहा, मुलांचे डबे, धुणं, दुपारी जरा पाठ टेकणं, संध्याकाळी भाजी निवडणं हे सगळं त्याच गाऊनमध्ये उरकतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कोथिंबीर आणायची असेल तर वरून ओढणी टाकली की काम भागतं. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रात्रीचा कपडा रात्रीच घालावा, दिवसा तो घालणं म्हणजे आळस आणि अव्यवस्थितपणा.

या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. नाइटगाऊन मुळात झोपायचा कपडा होता आणि आपल्याकडच्या बायकांनी तो दिवसात ओढून आणला, असं समजलं जातं. या कपड्याचा माग काढत गेलं तर चित्र बरोबर उलटं दिसतं. निदान तीनशे वर्षं नाइटगाऊन घालून कुणी झोपत नव्हतं. तो घरात निवांत वावरायचा कपडा होता, कधीकधी रस्त्यावरचाही, आणि पुरुषांच्या अंगावर तर तो प्रतिष्ठेचा मानला जाई. झोपेशी त्याची गाठ फार उशिरा पडली.

अंथरुणातून उठल्यावर घालायचा कपडा

आधी शब्द पाहू. इंग्रजीतला 'गाऊन' जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'गुन्ना' हा शब्द आहे. आठव्या शतकात ख्रिस्ती मठांमध्ये म्हाताऱ्या आणि आजारी साधूंना एक सवलत असे. बाकीच्यांना जो केसाळ कातड्याचा उबदार झगा घालायची परवानगी नव्हती, तो त्यांना घालता येई. त्या झग्याचं नाव गुन्ना. थकलेल्या शरीराला दिलेली मुभा म्हणून या शब्दाची नोंद सापडते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे याच घराण्यातून न्यायालयातला काळा गाऊन निघाला, पदवीदान समारंभातला निघाला, पाश्चात्त्य बायकांचा पायघोळ पोशाख निघाला आणि आपला घरातला गाऊनही.

'नाइट' हा भाग जोडला गेला तो युरोपात. तिथली सोळाव्या शतकातली घरं थंडगार असत. दिवसाचे कपडे म्हणजे थरावर थर, बंद, हुक आणि टाचण्या. श्रीमंतांना ते चढवायला-उतरवायला नोकर लागत. संध्याकाळी हे ओझं उतरवलं की अंगावर एक सैल, लांब, अस्तर लावलेला झगा घेत. रात्री उशिरापर्यंत बसायचं असेल किंवा पहाटे लवकर उठायचं असेल तेव्हा तोच. म्हणून तो 'नाइटगाऊन'. १५३२ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने आपल्या होणाऱ्या राणीसाठी, अ‍ॅन बोलिनसाठी, एक नाइटगाऊन करवून घेतला, त्याच्या खर्चाची नोंद राजाच्या हिशेबात आहे. काळं सॅटिन, आत तलम रेशमी अस्तर आणि काठाला मखमल. असा कपडा घालून कुणी उशीवर डोकं टेकत नाही. तो आल्यागेल्याला भेटण्याजोगा होता.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये मिळतो. मॅकबेथने राजाचा खून केला आहे, दारावर थापा पडताहेत, आणि लेडी मॅकबेथ नवऱ्याला सांगते की नाइटगाऊन घाल, नाहीतर आपण जागेच होतो हे लोकांच्या ध्यानात येईल. आजच्या अर्थाने वाचलं तर ती त्याला झोपायचे कपडे घालायला सांगते आहे असं वाटतं. त्या काळच्या प्रेक्षकाला मात्र वेगळंच कळत असे. झोपलेला माणूस आवाजाने उठला की घाईघाईने नाइटगाऊन अंगावर ओढतो आणि दार उघडायला जातो. म्हणजे नाइटगाऊन अंगात असणं ही अंथरुणातून उठल्याची खूण होती.

मग झोपताना काय घालत? पुरुष सदरा आणि बायका 'स्मॉक' नावाचा आतला पायघोळ झगा. तागाचा, पांढरा, दिवसभर वरच्या कपड्यांच्या आत असलेला. वरचे लोकरी-रेशमी कपडे धुता येत नसत, म्हणून घाम शोषून घ्यायला हा आतला थर असे, आणि झोपतानाही बहुतेकदा तोच राही. गरिबांकडे एखाददुसराच असायचा. काहीजण काहीच न घालता झोपत.

कोरोमंडलचं कापड आणि विद्वानांचा पोशाख

सतराव्या शतकात या झग्याला आशियाची हवा लागली. जपानने डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या देजिमा बेटापुरती व्यापाराची परवानगी दिली होती. हे डच लोक शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, भेटायला एडोला (आजच्या टोकियोला) जात तेव्हा त्यांना परतभेट म्हणून आत भराव असलेले रेशमी किमोनो, म्हणजे जपानी पायघोळ झगे, मिळत. ते हॉलंडला पोचले आणि तिथल्या श्रीमंतांत त्यांचं वेडच लागलं. भेटीदाखल मिळणारे किमोनो पुरेनात. मग तसल्याच घाटाचे झगे भारतात, आग्नेयेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कलमकारीच्या छापील-रंगीत सुती कापडातून शिवून घ्यायला सुरुवात झाली. व्हर्मिर या डच चित्रकाराने १६६८-६९ च्या सुमारास एक खगोलशास्त्रज्ञ आणि एक भूगोलतज्ज्ञ रंगवला. दोघेही खिडकीपाशी, कामात गढलेले, आणि दोघांच्या अंगात असाच सैल, पायघोळ झगा आहे.

लंडनमध्येही तेच. सॅम्युएल पीप्स हा नौदलाचा अधिकारी रोजनिशी लिहीत असे. १६६१ च्या जुलैमध्ये त्याने 'इंडियन गाऊन' विकत घेतल्याची नोंद आहे. १६६६ मध्ये जॉन हेल्स या चित्रकाराकडून स्वतःचं चित्र काढून घेताना त्याने मुद्दाम एक इंडियन गाऊन भाड्याने आणला आणि तो घालून बसला. ते चित्र आजही लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. घरात घालायच्या सैल झग्यात कायमस्वरूपी चित्र काढून घ्यावंसं वाटावं, एवढा तो मानाचा होता. अमेरिकेतले डॉक्टर बेंजामिन रश यांनी तर लिहून ठेवलं की सैल कपड्यांमुळे बुद्धीला मोकळेपणाने काम करता येतं, आणि म्हणूनच अभ्यासू माणसांची चित्रं गाऊनमध्ये काढलेली दिसतात.

या झग्याला इंग्रजीत एक आणखी नाव मिळालं, 'बॅनियन'. मूळ शब्द आपला वाणी. गुजराती वाण्यांना पोर्तुगीज 'बनियन' म्हणू लागले, त्यांच्यासारखा सैल सुती कपडा तोही बनियन झाला. हाच शब्द पुढे भारतात अंगाला चिकटणाऱ्या आतल्या कपड्यावर स्थिरावला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचा हाच नवा अर्थ नोंदलेला आहे. आपले आजोबा गॅलरीत बनियनवर पेपर वाचत बसत, ते त्या दृष्टीने नाइटगाऊनच्या चुलतभावातच बसलेले होते.

भारतीय छापील कापड तिकडे इतकं खपू लागलं की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांचं पोट धोक्यात आलं. इंग्लंडच्या संसदेने १७०० मध्ये छापील सुती कापडाच्या आयातीवर आणि १७२१ मध्ये ते वापरण्यावरही बंदी घातली. रस्त्यात छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचं कापड विणकरांनी फाडल्याचे प्रकार लंडनमध्ये घडले. गाऊनवरून बाईला रस्त्यात अडवण्याचा प्रकार तेव्हापासूनचा आहे म्हणायचा.

याच अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बायका 'नाइटगाऊन' म्हणजे अंगाला बेताचा बसणारा एक दिवसाचा पोशाख समजत. तो घालून त्या भेटीगाठींना जात, बाजारात जात. दरबारी पोशाखापेक्षा तो सुटसुटीत, एवढाच 'नाइट' या शब्दाला अर्थ उरला होता. फ्रान्समध्ये १७८३ साली राणी मारी आंत्वानेतचं पांढऱ्या मलमलीच्या सैल झग्यातलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा मात्र गहजब झाला. राणी आतल्या कपड्यांत बसली आहे, असं लोक म्हणाले आणि चित्र काढून घ्यावं लागलं. विद्वान पुरुष सैल झग्यात दिसला तर चिंतनमग्न आणि राणी दिसली तर निर्लज्ज, ही दुहेरी मोजपट्टी तेव्हाही होती.

झोपेशी गाठ कधी पडली

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घरात वरून घालायच्या झग्याला 'ड्रेसिंग गाऊन' हे वेगळं नाव रूढ होऊ लागलं आणि नाइटगाऊन हा शब्द मोकळा झाला. दुसऱ्या बाजूने, गिरण्यांमुळे सुती कापड स्वस्त झालं. खास झोपण्यासाठी वेगळा कपडा ठेवणं मध्यमवर्गाला परवडू लागलं. एकोणिसाव्या शतकात पांढरा, गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्यांचा, पायघोळ कपडा बायकांच्या अंथरुणात आला आणि मोकळा झालेला शब्द त्याला जाऊन चिकटला. आपण ज्याला मूळ अर्थ समजतो तो असा बऱ्यापैकी नवा आहे.

पुरुषांचं काय झालं, यात गोव्याचा एक धागा आहे. फ्रांस्वा पिरार हा फ्रेंच खलाशी मालदीवजवळ जहाज फुटून अडकला आणि पुढे १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. आजारी असल्यामुळे त्याला तिथल्या पोर्तुगीजांच्या इस्पितळात ठेवलं होतं. त्याने लिहिलं आहे की तिथे रुग्णांसाठी भरपूर विजारी असत, कारण हिंदुस्थानातले पोर्तुगीज त्याशिवाय कधी झोपतच नाहीत. हॉब्सन-जॉब्सनकारांनी पिरारचं हे वाक्य उद्धृत करून अंदाज बांधला की पायजमा घालून झोपायची सवय इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून उचलली असावी. इंग्रजांनी ती मायदेशी नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडच्या पुरुषांनी लांब नाइटशर्ट सोडून पायजमा धरला. थोडक्यात, पुरुषांचा झोपेचा कपडा आपल्याकडून तिकडे गेला आणि बायकांचा तिकडून इकडे आला.

नेसण्यातून घालण्यात

आपल्याकडे झोपायला वेगळा कपडा ही कल्पना नव्हतीच म्हटलं तरी चालेल. धुवून धुवून मऊ झालेलं जुनं लुगडं रात्री नेसायचं, एवढंच. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड. ते रोज धुवायचं, पिळायचं, पावसाळ्यात घरात दोरीवर वाळवायचं आणि काष्टा घालून दिवसभर सावरत कामं करायची. पाचवारी आल्यावर कापड कमी झालं, पण आत परकर आला, मापात शिवलेलं ब्लाऊज आलं. वसई, वांद्रे, गोवा इथल्या ख्रिस्ती घरांत फ्रॉक आणि हाऊसकोट आधीपासून होते. हिंदू मध्यमवर्गीय घरांत गाऊन साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकांत मॅक्सी किंवा गाऊन या नावाने शिरला. आधी माहेरी आलेल्या बाळंतिणीच्या अंगावर, मग नोकरी करणाऱ्या सुनेच्या, मग सासूच्या.

बाळंतिणीपासून सुरुवात होण्याचं कारण सरळ आहे. टाके असलेल्या पोटावर परकराची नाडी आवळता येत नाही. दर दोन तासांनी बाळाला पाजायचं तर पुढून उघडणारा कपडा लागतो. म्हणून फीडिंग गाऊनला योकच्या (छातीवरच्या वेगळ्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना उभ्या चेन असतात आणि वर झाकायला एक पट्टी.

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात गाऊन घातला नव्हता. सत्तरी उलटल्यावर ती मोरीत पडली आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलेल्या हाताने निऱ्या घालता येईनात, नाडी बांधता येईना, आणि प्रत्येक वेळी सुनेला हाक मारणं तिला जड जाऊ लागलं. सुनेने पुढे चेन असलेला, बाही सैल असलेला गाऊन आणला. पहिले काही दिवस ती त्यावरून पदरासारखी ओढणी घेऊन बसायची आणि दार वाजलं की आत जायची. हात बरा झाल्यावर लग्नकार्याला, देवळात ती पुन्हा साडीच नेसू लागली, पण घरातला गाऊन काही सुटला नाही. "कुणाच्या हातापाया न पडता मला कपडे बदलता येतात," असं ती म्हणाली. आठव्या शतकातल्या त्या म्हाताऱ्या साधूंना मिळालेली मुभा हीच होती.

नोकरीवरून आठ वाजता लोकलमधून घरी पोचणाऱ्या बाईचंही तसंच. साडी किंवा ड्रेस उतरवून गाऊन अंगात आला की बाहेरचा दिवस संपला, हे शरीराला कळतं. पुढे स्वयंपाक असतोच, पण निदान कमरेला काही आवळलेलं नसतं.

असा घरातला कपडा घराबाहेर येणं हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. हवाई बेटांवर १८२० मध्ये अमेरिकी मिशनरी आले आणि तिथल्या बायकांनी सैल, पायघोळ 'होलोकू' घालायला सुरुवात केली. त्याच्या आत झोपायला आणि अंघोळीला चालणारा साधा झगा असे, 'मुऊमुऊ'. कालांतराने हवाईच्या उष्ण हवेत हा आतलाच झगा रंगीत फुलांच्या छपाईत बाहेरचा झाला. आज तो तिथला ओळखीचा पोशाख आहे.

कटाई, कापड आणि घाम

गाऊन एवढा स्वस्त आणि एवढा सर्वदूर का, याचं उत्तर त्याच्या कटाईत आहे. ब्लाऊज शिवायला छाती, कंबर, मुंढा, गळा, बाही अशी मापं लागतात. गाऊनला जवळजवळ काहीच लागत नाही. साधारण ४४ इंची पन्ह्याचं तीन मीटर कापड घ्यायचं. पुढचा एक लांब तुकडा, मागचा एक, छातीवर बसणारा योक आणि उरलेल्यात बाह्या. योकखाली चुण्या घातल्या की घेर आपोआप येतो, म्हणून टिपा घेऊन शरीराचा आकार काढावा लागत नाही. माप नको असल्यामुळे कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकावर एक पसरून एकदम कापता येतात. 'फ्री साइज' म्हणजे हेच. वजन वाढलं, पोट वाढलं, पोट उतरलं, तरी तोच गाऊन चालतो. त्यातून बाजूला खिसा असेल तर साडीने कधीच न दिलेली सोय मिळते. मोबाइल, किल्ली आणि भाजीचे सुटे पैसे एका जागी राहतात.

आता झोपेकडे येऊ, कारण शेवटी रात्रीही तो अंगात असतोच. झोप लागण्याच्या वेळी शरीराचं आतलं तापमान उतरायला लागतं आणि रात्रीतून साधारण एक अंश सेल्सिअसने खाली येतं. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर उष्णता बाहेर टाकतं. अंगावरचा कपडा या कामात आडवा आला की माणूस कूस बदलत राहतो. सैल कपडा इथे उपयोगी पडतो, कारण खालून हवा शिरते आणि गळ्याशी बाहेर पडते.

कापडाचा भाग त्याहून मोठा. नेहमीच्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा धरून ठेवू शकतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट रात्री हा फरक अंगाला कळतो. पॉलिस्टरच्या गाऊनमध्ये घाम कातडीवरच राहतो, काखेत आणि पाठीवर चिकचिक होते. उलट पावसाळ्यात सुती गाऊन दोन दिवस वाळत नाही आणि पॉलिस्टरचा रात्रीतून वाळतो, म्हणून बायका दोन्ही ठेवतात, ते शहाणपणाचंच आहे.

दुकानात 'प्युअर कॉटन' सांगतात ते खरं की नाही हे पाहायची एक सोपी रीत आहे. शिवणीच्या आतल्या कडेचा एक धागा ओढून घ्यायचा आणि घरी चिमट्यात धरून मोरीत पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदासारखाच, आणि बोटाने चुरली की राख विस्कटते. कृत्रिम धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मिश्र कापडात थोडं दोन्ही दिसतं.

गॅसपाशी

हे वाचून तरी प्रत्येकीने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. सैल, लांब, घेरदार कपडा पटकन पेट घेतो. आतून-बाहेरून हवा मिळते आणि ज्योत खालून वर चढत छाती-गळ्यापर्यंत जाते. सुती कापड भसकन पेटतं. कृत्रिम कापड वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल करतं. ब्रिटनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्लॅनेलेट या केसाळ सुती कापडाच्या नाइटगाऊनने कितीतरी मुलं भाजून गेली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन (धाकटे) यांनी कथिलाचे क्षार वापरून धुतल्यावरही टिकणारी आगरोधक प्रक्रिया शोधली. १९६० च्या दशकात तिथे नाइटड्रेसच्या कापडासाठी कायद्याने नियम आले, अमेरिकेत १९७० च्या दशकात मुलांच्या झोपेच्या कपड्यांसाठी आले. आपल्या बाजारातल्या गाऊनवर असं काही लिहिलेलं मला कधी दिसलं नाही.

म्हणून स्वयंपाकाच्या गाऊनला रुंद, फुग्याच्या किंवा घंटेसारख्या बाह्या नकोत. झालरी नकोत. लांबी घोट्याच्या वर असावी. ओट्याच्या मागच्या शेगडीवरचं काही घ्यायला पुढच्या पेटत्या शेगडीवरून हात नेऊ नये, आणि ओढणी घेतलीच असेल तर मागे गाठ मारावी. डोक्यावरून काढाव्या लागणाऱ्या गाऊनपेक्षा पुढून पूर्ण उघडणारा गाऊन बरा. पेट घेतलाच तर धावायचं नाही. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, जवळच्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटायची. भाजलेल्या भागावर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडायचं. टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावायचं नाही. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही, तसंच दवाखान्यात जायचं.

दंड

गाऊनवरची खरी भांडणं या धोक्यांवरून कधी झाली नाहीत, ती झाली दिसण्यावरून. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड, असं एका महिला मंडळानेच जाहीर केलं. २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात तोकलापल्ली गावच्या पंचांनी सकाळी सात ते संध्याकाळी सात नाइटी घालायची नाही असा नियम केला. मोडला तर २००० रुपये दंड आणि चहाडी करणाऱ्याला १००० रुपये बक्षीस. शेवटी महसूल आणि पोलीस अधिकाऱ्यांना गावात जाऊन असा दंड लावता येत नाही हे समजावून सांगावं लागलं. ज्या किनाऱ्यावरून डच आणि इंग्रज पुरुषांसाठी गाऊनचं कापड जहाजं भरभरून गेलं, त्याच किनाऱ्याच्या मुलखातली ही गोष्ट.

गोठिवलीत नियम करणाऱ्या बायकाच होत्या, म्हणून तो योग्य ठरत नाही. बाईने स्वतःच्या दारापुढे कसं दिसावं हे ठरवायचा हक्क मंडळाकडे कुठून आला, हा प्रश्न तसाच राहतो. त्याच गल्लीत बनियन आणि लुंगीवर दूध आणायला जाणाऱ्या पुरुषाला कुणी पावती फाडून दिल्याचं मी ऐकलेलं नाही. सैल कपड्यात निवांत असण्याचा मान पीप्सला मिळाला, व्हर्मिरच्या भूगोलतज्ज्ञाला मिळाला. सकाळी सहापासून राबणाऱ्या बाईला तो मागावा लागतो, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

आता कायद्याचं. सार्वजनिक ठिकाणी काय घालावं यावरून नागरिकाला दंड करण्याचा अधिकार महिला मंडळ, गृहनिर्माण सोसायटी, जातपंचायत किंवा गावकीचे पंच यांच्यापैकी कुणालाही नाही. महाराष्ट्रात तर यापुढे जाऊन २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, जो २०१७ पासून लागू झाला. आपल्याच समाजातल्या माणसावर ठरावीक प्रकारचे कपडे घालण्याची सक्ती करणं हेही त्यात बहिष्काराच्या कृत्यांमध्ये धरलेलं आहे, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी समाजाच्या नावाने गाऊनसाठी पैसे मागितले तर ते द्यायचे नाहीत. नियम लेखी मागायचा आणि तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात जायचं.